दोनदा वजा झालेली हवा

माझी धाकटी बहीण नेमकं काय काम करते, असं कुणी विचारलं की मी सांगते, "तळघरात बसून गोळे फिरवते." ऐकणारा हसतो, विषय बदलतो आणि माझं काम होतं. ती फिजिसिस्ट आहे, मोठ्या संशोधन संस्थेत आहे, नावाआधी डॉक्टर लावते, हे सांगायला मी जात नाही. ते काम आईनं हौसेनं अंगावर घेतलेलं आहे. भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे. परवा तर त्या डॉक्टरनं माझ्या दाढेत सळई घालून विचारलं, "त्या शास्त्रज्ञ बाईंच्या बहीण ना तुम्ही?" तोंड उघडं असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

आता सरळच सांगते. मी तिच्यावर जळते. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "तू तिच्यावर जळतेस हं." मी म्हटलं, "हो, जळते. मग?" त्यावर त्यांनी मुकाट्यानं ताट पुढं ओढलं.

शेजारणीच्या नव्या घरावर जळलं तर लोकांना चालतं. सख्ख्या धाकट्या बहिणीवर जळलं की तोंडावर हात ठेवतात. पण मला विचाराल तर नीट जळायला सख्खी बहीणच लागते. परक्या माणसाचं आपल्याला काय ठाऊक असतं? हिला भागाकार कुणी शिकवला, हे मला ठाऊक आहे. मी शिकवला. पुन्हा पुन्हा शिकवला, आणि दर वेळी हिनं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला.

घरात तिला गोगी म्हणतात. गोगलगाय या नावाचं ते लाडकं रूप, आणि ते मीच पाडलं. जेवायला बसली की सगळ्यांची ताटं घासून झाली तरी हिचं चाललेलंच. बुटाची नाडी बांधायची, सोडायची, परत बांधायची. का, तर पहिली गाठ "कशी बसली ते कळलं नाही." शाळेची घंटा व्हायची, मी फाटकाशी पाय आपटत उभी, आणि ही पायरीवर बसून गाठ बघतेय. तिच्यामुळे कितीदा बोलणी खाल्ली, त्याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

आमचे बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या. खिशात लाल पेन्सिल कायम. आमच्या घरात चूक म्हणजे चपलेला लागून आलेली घाण. ती उंबऱ्याबाहेरच झटकून यायचं. माझ्या वह्यांवर त्यांची पेन्सिल कधी टेकलीच नाही. "हिच्यात काढायला काही सापडत नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि मी आत जाऊन ते वाक्य मनात घोळवत बसायची. गोगीची वही मात्र लालेलाल. तिच्या जागी मी असते तर शरमेनं मेले असते. या पोरीला त्याचं काहीच नव्हतं. वही घेऊन बाबांच्या शेजारी टेकायची आणि बोट ठेवून विचारायची, "बाबा, कुठपर्यंत बरोबर होतं?"

"उत्तर चूक आहे ना? मग सगळंच चूक."

"पण कुठपर्यंत?"

बाबा वैतागायचे. तरी पेन्सिल उलटी धरून एकेक ओळ मागं जायचे आणि कुठंतरी थांबायचे. "इथपर्यंत." झालं, ही खूश. बक्षीस मिळाल्यासारखी वही कवटाळून उठायची. बक्षिसं मला मिळत होती, आणि खूश ही. तेव्हापासून माझ्या डोक्यात तिडीक आहे.

शाळेत पहिली मी, कॉलेजात पहिली मी. भौतिकशास्त्र घेतलं तेही आधी मी. घरातली शास्त्रज्ञ मीच होणार, हे कॉलेजच्या शिपायानंसुद्धा गृहीत धरलं होतं. पदवी झाली, पुढच्या वर्गात गेले, आणि तिथं प्रयोगशाळेत असे प्रयोग समोर आले की ज्यांचं उत्तर पुस्तकात नव्हतं. सर म्हणाले, "तुमचं काय येतंय ते आणा." मी आणलं. "कशावरून?" म्हणाले. कशावरून म्हणजे? मला आयुष्यात कुणी कशावरून असं विचारलं नव्हतं. पुन्हा मोजलं तर निराळंच आलं. आणखी एकदा मोजलं तर आणखी निराळं. सर खांद्यावरून डोकावले, "छान. आता यातलं कुठलं चुकलंय ते शोधा," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले. मला अन्न गोड लागेना. जिथं बरोबर उत्तर देता येतं तिथं मी वाघीण होते. इथं बरोबर उत्तर कुणाजवळच नव्हतं, सरांजवळसुद्धा. त्याच सुमारास लग्न ठरलं आणि मी ते सगळं सोडलं. लोक समजतात, लग्नामुळे सुटलं. समजू देत. आमचे हे बिचारे इतकी वर्षं तो आळ डोक्यावर घेऊन फिरताहेत.

मग मी घरी क्लास सुरू केले. भौतिकशास्त्राचे. चांगले चालतात. माझी मुलं परीक्षेत पटापट उत्तरं देतात, कारण उत्तरापर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता मी त्यांना पाठ करून घेते. पालक मला घाबरतात आणि माझ्याकडंच येतात. मी काही रडत बसलेली बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इकडं गोगी. गणितात एकदा गचकली, पुन्हा बसली. कॉलेजात भौतिकशास्त्राला जागा रिकाम्या होत्या म्हणून घेतलं तिला. पदवीला दुसरा वर्ग, पुढच्या पदवीलाही दुसराच. मग एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं मांडायची नोकरी धरली. मुलं प्रयोग करून गेली की उपकरणं पुसून कपाटात ठेवायची, एवढंच काम. पण ही प्रत्येक उपकरण ठेवण्याआधी स्वतः एकदा चालवून बघायची आणि मुलांचे आकडे वेडेवाकडे का आले ते शोधत बसायची. कपाटाला कुलूप लावायला शिपाई ताटकळलेला. एकदा एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या, संशोधन संस्थेतल्या. त्यांनी हिला विचारलं, "तू अजून इथं काय करतेस?" ही म्हणाली, "या तराजूचा काटा दुपारनंतर एका बाजूला सरकतो. खिडकीतून ऊन येतं म्हणून असेल असं वाटतंय, पण अजून नक्की नाही." त्या बाईंनी हिला संस्थेत बोलावलं. आधी मदतनीस म्हणून, तळघरात. पुढं त्यांच्याच हाताखाली तिनं डॉक्टरेट केली. ती इतकी लांबली की नातेवाइकांनी विचारायचंही सोडून दिलं. मला वाटलं होतं, कंटाळेल. उलट दर भेटीत आणखी टवटवीत दिसायची. तळघरात राहून!

ते गोळे म्हणजे काय, तेही सांगते. दोन वस्तू एकमेकींना ओढतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण किती जोरानं ओढतात, याचा जो आकडा आहे, त्याच्या शेवटच्या घरांवर अजून एकमत नाही. एका प्रयोगशाळेचा एक, दुसरीचा दुसरा. गोगीच्या तळघरात केसाहून बारीक तारेला एक छोटी दांडी टांगलेली आहे. तिच्या बाहेरून मोठे धातूचे गोळे सावकाश फिरवतात. गोळे जवळ आले की दांडी त्यांच्याकडं इतकी किंचित वळते की डोळ्याला दिसतही नाही. दांडीवरच्या इवल्याशा आरशावरून परतलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यावरून ते वाचायचं. वरच्या रस्त्यावरून ट्रक गेला, कुणी दार लोटलं, माणूस शेजारी उभा राहून नुसता गरम झाला, तरी दांडी बिघडते. असल्या कामाला गोगलगायच हवी. माझ्यासारखी असती तर पहिल्याच आठवड्यात तार तोडून मोकळी झाली असती.

वर्षानुवर्षं ती तिथं कराराच्या नोकरीवर होती. करार संपायचा, पुन्हा मिळायचा. मागून आलेले कायम होऊन वरच्या मजल्यावर गेले, खिडकीवाल्या खोल्यांत. मग यंदा फिजिसिस्टची एक कायमची जागा निघाली. एकच. वयाच्या अटीत गोगी कशीबशी बसत होती. पुढच्या वर्षी बसली नसती, आणि करारही आता वाढणार नव्हता. समोर दुसऱ्या संस्थेतला एक चुणचुणीत उमेदवार होता, त्याच्या नावावर ढीगभर काम. हिच्या नावावर एक तार आणि न उघडलेला आकडा. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात तो आकडा उघडायचा ठरला होता. तो नीट आला तर जागा हिची, असं सगळे म्हणत होते. आला नाही तर गोगी घरी.

"न उघडलेला" म्हणजे काय, हे मला तिनं फोनवर समजावलं. त्यांच्या कामात एक शिस्त आहे. आपल्याला हवा तसा आकडा दिसला की माणूस चुका शोधायचं थांबवतो. नको तसा दिसला की शोधत राहतो. म्हणून ते आपला आकडा आपल्यापासूनच लपवून ठेवतात. गोळ्यांची वजनं संस्थेतल्या काटेवाल्यांनी मोजली होती. काटेवाले म्हणजे वजनमापाच्या खोलीतले वयस्कर गृहस्थ. त्यांनी खऱ्या वजनात एक छोटीशी लबाडी मिसळून ते गोगीला दिलं. लबाडी किती, ते फक्त त्यांना ठाऊक. गोगीचं सगळं गणित त्या लबाड वजनावर उभं. शेवटी सगळ्यांसमोर काटेवाले लबाडी जाहीर करणार, ती काढून टाकली की खरा आकडा. त्याआधी काय हव्या त्या शंका काढा, दुरुस्त्या करा. एकदा आकडा उघडला की कशालाही हात लावायचा नाही. आला तसा छापायचा, स्वतःच्या नावासकट.

"ये ना ताई," म्हणाली. "घरचं कुणीतरी हवं. आईला जिने जमणार नाहीत."

मी गेले. खोटं कशाला सांगू, तिची फजिती झाली तर ती बघायला आपण असावं, असं मला वाटत होतं.

सकाळी तिनं तळघर दाखवलं. लांबट खोली, भिंतींना जाड पत्रे, कोपऱ्यात एक खुर्ची आणि खुर्चीवर तिचा भोकं पडलेला स्वेटर. काचेच्या पलीकडं ते गोळे. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. ते कलिंगडाएवढे होते आणि चकचकीत होते, बस. गोगी हळू आवाजात बोलत होती, देवघरात बोलतात तशी. कुठून कुठून चूक शिरू शकते आणि ती तिनं कशी अडवली, एकेक सांगत होती. एवढ्या चुका मी आयुष्यात एका जागी पाहिल्या नव्हत्या, आणि ही प्रत्येकीला नावानिशी ओळखत होती.

"आणि ही हवा," ती म्हणाली. "गोळा जिथं आहे तिथं तो नसता तर हवा असती ना? ती हवासुद्धा दांडीला ओढते, थोडीशी का होईना. म्हणून गोळ्याच्या वजनातून तेवढ्या हवेचं वजन वजा करायचं. ते मी केलंय. ते विसरलं तर आमचा आकडा केवढा तरी हलतो."

मी मान डोलावली. कळलं मला. भौतिकशास्त्र मी विसरलेली नाही, नुसतं सोडलेलं आहे. पण ते मला तिच्या तोंडून समजावून घ्यावं लागत होतं. भागाकार मी शिकवला होता हिला.

दुपारी तिला हॉलमध्ये तयारी करायची होती, म्हणून तिनं मला कँटीनमध्ये काटेवाल्यांच्या स्वाधीन केलं. गृहस्थ गप्पिष्ट. गोगीबद्दल भरभरून बोलत होते. फक्त एकच गोष्ट, म्हणाले, गेलं वर्षभर वजनाचा विषय त्या दोघांनी एकमेकांसमोर काढलेला नाही. कसं मोजलं, कशानं मोजलं, काहीच नाही, कारण त्यावरूनही तिला लबाडीचा अंदाज आला असता. "चहाला रोज एकत्र बसतो. माझे गुडघे, तिच्या आईचे गुडघे, यावर बोलतो. वजनावर अक्षर नाही."

"कठीणच आहे," मी म्हटलं.

"हो ना. पण मी तिचं काम होईल तेवढं हलकं करून ठेवलंय. नुसतं वजन नाही दिलं हातात. हवाबिवा सगळी वजा करून, अगदी वापरायला तयार असं दिलंय. पोरीला तेवढाच आराम."

मी कप खाली ठेवला.

मी त्यांना पुन्हा विचारलं, सहज विचारल्यासारखं. "म्हणजे गोळ्यांच्या जागची हवा?"

"तीच ती," ते म्हणाले आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं.

त्यांनी एकदा वजा केली, हिनं एकदा. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, कारण न सांगणं हाच तर त्यांचा नियम. संस्थेत एवढी माणसं, एवढी मोठमोठी डोकी, आणि या दोन्ही गोष्टी ऐकलेली मी एकटी, कारण माझ्यासमोर बोलायला दोघांनाही बंदी नव्हती.

झालं तसं सांगते. मला आनंद झाला. पोटातून वर येणारा, लहानपणी पहिला नंबर आल्यावर व्हायचा तसला आनंद. त्यांच्यात काढायला सापडलं! आणि सापडलं ते मला.

हॉलच्या दाराशी गोगी भेटली. हातात खडू, कपाळावर घाम. "ताई, मी बरी दिसते ना?" म्हणाली. तिथं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी तिची कॉलर सरळ केली आणि म्हटलं, "बरी दिसतेस. जा." आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

हॉल भरला होता. निवड समितीतले दोघे पुढं बसलेले, संचालक मधोमध. गोगीनं फळ्यावर सगळं मांडलं. ती बोलते तशी सावकाश बोलली, मध्ये खडू पडला, तो उचलायला वाकली आणि पुन्हा कुठं होतो ते आठवत राहिली. तरी कुणी हललं नाही. लोक हिचं ऐकत होते. मला माझ्या क्लासमध्ये छडी आपटावी लागते. मी तिथं बसून त्या प्रत्येक माणसाचा चेहरा बघितला आणि प्रत्येकाचा मला राग आला. माझी जागा ती होती, त्या फळ्यापुढची. ती मी सोडली आणि ही रांगत रांगत तिथं जाऊन पोहोचली.

संचालक उठले. "आता काटेवाले आपली लबाडी सांगतील. त्याआधी नेहमीप्रमाणे विचारतो. कुणाला काही शंका?"

कुणाला नव्हती. काटेवाले घसा साफ करत पुढं आले. मी गप्प बसले असते तर चुकीचा आकडा उघडला असता, तिच्या नावावर कायमचा बसला असता, आणि जागा त्या चुणचुणीत माणसाला गेली असती. कुणाला कधी कळलंही नसतं. गोगी फळ्याशी उभी राहून हॉलभर बघत होती. सुटले बुवा, असा तिचा चेहरा नव्हता. कुणीतरी विचारा ना, असा होता.

मी उभी राहिले. तिला वाचवायला नव्हे. एवढ्या हॉलमध्ये एकटीला ठाऊक असलेली गोष्ट पोटात ठेवून घरी जाणं मला शक्य नव्हतं. मला ती सगळ्यांसमोर सांगायची होती.

"एक विचारायचंय," मी म्हटलं. माझा क्लासमधला आवाज लागला. "गोळ्यांच्या जागची हवा कुणी वजा केली?"

"मी," गोगी म्हणाली.

"मी," काटेवाले म्हणाले.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. काटेवाल्यांनी गोगीकडं पाहिलं, गोगीनं काटेवाल्यांकडं. गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या रांगेतले समितीवाले एकमेकांच्या कानाला लागले.

मी गोगीच्या तोंडाकडं बघत होते. ते पडायला हवं होतं. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते म्हणा ना.

ती हसायला लागली. खडूच्या हातानं तोंड झाकलं, त्यामुळे मिशी उमटली, आणि तशीच ती हसत म्हणाली, "दोनदा गेली! हवा दोनदा गेली! अहो काका, थांबा, काही सांगू नका, तोंड बंद ठेवा." मग संचालकांकडं वळून, "माझं चुकलं, सर. आज आकडा उघडायचा नाही. काकांनी नेमकं काय वजा केलंय ते विचारत बसले तर लबाडीचाही अंदाज येईल, म्हणून वजनं दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मोजून घ्यावी लागतील."

"मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे," संचालक हळूच म्हणाले.

"मग आकड्याशिवाय देईन."

एवढं बोलून तिनं फळा पुसला आणि चूक केवढी ते मांडायला घेतलं. आणि हॉल उठला. म्हणजे खरोखर उठला. माणसं खुर्च्या सोडून फळ्याकडं गेली, एकमेकांच्या हातातला खडू ओढायला लागली. कुणी म्हणे, असंच आणखी कुठं झालं नाही ना ते बघा. गोगी मधोमध, मिशीसकट, आणि सगळ्यांचे आवाज चढलेले. भांडण म्हणावं तर एकाच्याही तोंडावर राग नव्हता.

मी मागच्या रांगेत अजून उभीच होते. मला वाटलं होतं, कुणीतरी वळून बघेल. विचारेल, या कोण बाई? एक म्हातारे प्राध्यापक माझ्याकडं आले. "प्रश्न फार चांगला होता," म्हणाले. मी काहीतरी नम्र बोलायच्या तयारीत होते, तर ते म्हणाले, "जरा खुर्ची सरकवता का? मला फळ्याकडं जायचंय."

संध्याकाळी ती मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "ताई, तुला कधी कळलं?"

"दुपारी. कँटीनमध्ये."

"मग दाराशी भेटलो तेव्हा?"

"तेव्हा ठाऊक होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मला सगळ्यांसमोर विचारायचं होतं. कळलं? सगळ्यांसमोर." आता तरी ही चिडेल, दोन शब्द बोलेल, आणि मलाही चार बोलता येतील, असं मला वाटलं. माझी तयारी होती. लहानपणापासूनचं सगळं जिभेवर होतं.

गोगी तिच्या नेहमीच्या वेगानं विचार करत राहिली. बस येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बरंच झालं. एकटीला सांगितलं असतंस तर घाईघाईत मी कागदावर दुरुस्त करून टाकलं असतं आणि उघडलंही असतं. आता नीट होईल." आणि मला बसमध्ये चढवून, खिडकीशी जागा मिळाली ना ते बघून, धावत परत गेली. धावत. गोगलगाय. हिच्याशी भांडायचं तरी कसं माणसानं?

पुढचा आठवडा मी क्लासमध्ये मुलांवर फार ओरडले. मुलाखतीच्या दिवशी फोन हातातून ठेवला नाही. तिला जागा मिळू नये असं वाटत होतं, आणि माझ्यामुळे गेली असं व्हायला नको, असंही वाटत होतं. दोन्ही खरंच वाटत होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, झालं. मिळाली जागा."

"आकड्याशिवाय?"

"आकडा अजून बंदच आहे. त्यांना तो नकोच होता म्हणाले. त्यांनी सगळं त्या हवेबद्दलच विचारलं. पहिलाच प्रश्न, ही चूक कुणी पकडली?"

मी स्वयंपाकघरात होते. ओट्याला टेकले. "मग?"

"मी म्हटलं, माझ्या मोठ्या बहिणीनं. एकमेकांकडं बघायलाच लागले सगळे. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, कमाल आहे. कुठल्या संस्थेत असतात त्या?"

बाहेरच्या खोलीत मुलं जमली होती, बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. मला ते ऐकू येईनासे झाले. "मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. घरी क्लास घेते म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही," गोगी म्हणाली. "त्यांनी पुढचा प्रश्न विचारला."